मालाचा व्हिडिओ वेबसाईटवर चढवण्यापूर्वी

दुकानाची वेबसाईट उभी राहिली, मालाचे फोटो चढले, आता कारागिराच्या हाताची सफाई दाखवणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकावा असे मालकाला वाटते. गाडी इथेच अडते. मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ तसाच चढवला तर गिऱ्हाइकाच्या पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते, किंवा आवाज येतो आणि चित्र काळे. गिऱ्हाईक तक्रार करायला थांबत नाही, ते पुढच्या दुकानात जाते.

अशा वेळी बरेच जण फुकटात व्हिडिओ बदलून देणाऱ्या एखाद्या वेबसाईटचा आधार घेतात. व्यापाऱ्याने ते टाळावे असे आमचे मत आहे. तेथे आपली फाईल परक्याच्या संगणकावर जाते. बाजारात अजून न आलेली नक्षी, नवा नमुना, कारखान्याची आतली मांडणी, सारेच त्यात असते. तेच काम आपल्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून, एक पैसाही न देता होते. त्या साधनाचे नाव एफएफएमपेग. फ्रान्सचे संगणकतज्ज्ञ फाब्रिस बेलार यांनी ते २००० साली सुरू केले आणि पुढे अनेक देशांतल्या प्रोग्रॅमरांनी वाढवले. ते मुक्त परवान्याखाली मिळते, धंद्याच्या कामासाठी वापरायला मनाई नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते.

अडचण एकच. यात दाबायला बटणे नाहीत. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट आणि इतरत्र टर्मिनल नावाची खिडकी उघडून त्यात आज्ञा टंकावी लागते. ज्यांना याची धास्ती वाटते त्यांनी हँडब्रेक हे बटणांचे मोफत साधन घ्यावे, ते याच एफएफएमपेगच्या सामग्रीवर बेतलेले आहे. पण महिन्याला चाळीस-पन्नास व्हिडिओ चढवणाऱ्याला आज्ञाच सोयीची, कारण एकदा जमलेली आज्ञा कागदावर उतरवून ठेवता येते आणि दुकानातल्या पोऱ्यालाही देता येते.

आज्ञेकडे वळण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एमपी फोर किंवा एमओव्ही हा केवळ डबा आहे. डब्यात चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहेत, त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. आयफोन २०१७ पासून ‘हाय एफिशिएन्सी’ या मांडणीत एचईव्हीसी, म्हणजे एच २६५, या पद्धतीने चित्रण करतात, आणि आता अनेक अँड्रॉइड फोनही तसे करू शकतात. ही पद्धत जागा वाचवते, पण जुन्या संगणकांवर आणि काही ब्राउझरांत ती उघडत नाही. डब्याचे नाव तेच असले तरी आतला जिन्नस गिऱ्हाइकाच्या यंत्राला पचत नाही. म्हणूनच नुसते फाईलचे आडनाव बदलून काही साधत नाही. जवळजवळ सर्वत्र चालणारी जोडी म्हणजे चित्राला एच २६४, आवाजाला एएसी, आणि डबा एमपी फोर.

आता वजनाचा हिशेब. फोनचे फुल एचडी चित्रण सेकंदाला साधारण १७ मेगाबिट या दराने होते असे धरा. दोन मिनिटांचे झाले २०४० मेगाबिट. आठने भागले की २५५ मेगाबाइट. हेच चित्र दीड मेगाबिटच्या आसपास आणले तर आवाजासह २४-२५ मेगाबाइटमध्ये काम होते. गिऱ्हाइकाचा डेटा दहापट वाचतो.

औरंगाबादी हिमरू विणणाऱ्याच्या मागाचा व्हिडिओ आहे असे समजू. आज्ञा अशी (येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहे, टंकताना रोमन अक्षरे आणि इंग्रजी आकडे वापरावेत):

एफएफएमपेग -आय माग.एमओव्ही -सी:व्ही लिबएक्स२६४ -सीआरएफ २३ -व्हीएफ स्केल=-२:७२० -पिक्स_एफएमटी वाययूव्ही४२०पी -सी:ए एएसी -बी:ए १२८के -मूव्हफ्लॅग्स +फास्टस्टार्ट माग-वेब.एमपी४

‘आय’नंतर मूळ फाईल, सर्वांत शेवटी नवी फाईल. मधले सगळे नव्या फाईलसाठीच्या सूचना. त्यातला खरा कळीचा आकडा सीआरएफचा. तो ० ते ५१ असतो, काही न सांगितल्यास २३ धरला जातो. आकडा लहान तर चित्र उत्तम आणि फाईल जड, मोठा तर उलट. सहाने वाढवला की फाईल ढोबळमानाने निम्मी होते. पण हिमरूसारख्या रेशीम-सुताच्या बारीक नक्षीत किंवा जरीच्या कामात २८ वर गेलात तर धागे एकमेकांत मिसळून कापड चिकट दिसू लागते, आणि विकायचे तर तेच असते. अशा मालाला २० किंवा २१ ठेवावे, चपला-भांड्यांना २५ सुद्धा चालेल. अंतिम वजन चित्रातल्या हालचालीवर अवलंबून असते, म्हणून आधी दहा सेकंदांचा तुकडा करून पाहावा. त्यासाठी ‘आय’च्या आधी -एसएस १२ आणि -टी १० लिहिले की बाराव्या सेकंदापासून दहा सेकंदच घेतले जातात.

स्केलमधला ७२० म्हणजे उंची, आणि उणे दोन म्हणजे रुंदी त्या प्रमाणात तूच काढ, असे सांगणे. फोन उभा धरून घेतलेल्या व्हिडिओला हे उलटे लिहावे, ७२०:-२. पिक्सवाली सूचना फोनच्या दहा बिट चित्राला सर्वत्र चालणाऱ्या आठ बिटांत आणते. मात्र एचडीआर चालू असेल तर रूपांतरानंतर रंग फिके पडतात. कापडवाल्यांनी चित्रणाआधीच फोनमधील एचडीआर बंद करावे, नाहीतर रंग वेगळा निघाला म्हणून माल परत येईल.

फास्टस्टार्ट विसरू नये. एमपी फोरची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपल्यावर, म्हणून फाईलच्या शेवटी लिहिली जाते. ती हाती येईपर्यंत ब्राउझरला चित्र सुरू करता येत नाही. या सूचनेने ती सुरुवातीला आणली जाते.

आणखी एक सूचना आमच्या दृष्टीने फार महत्त्वाची: -मॅप_मेटाडेटा -१. फोन अनेकदा चित्रणाच्या जागेचे अक्षांश-रेखांश फाईलमध्ये नोंदवतो. घरातच काम करणाऱ्या कारागिराचा, विशेषतः घरी भरतकाम करणाऱ्या भगिनींचा पत्ता असा नकळत बाहेर जाऊ नये. या सूचनेने ती नोंद गळते.

मागाचा खडखडाट नको असेल तर आवाजाच्या दोन सूचनांऐवजी -एएन लिहावे, आवाज पूर्ण निघून जातो. मालाची माहिती बोलून रेकॉर्ड केली असेल तर ती वेगळी एमपी थ्री करावी. दहा मिनिटांची सीडी दर्जाची डब्ल्यूएव्ही फाईल सुमारे १०६ मेगाबाइट भरते. -एसी १ -बी:ए ६४के लावले की ४.८ मेगाबाइट, आणि बोलणे स्वच्छ ऐकू येते.

मूळ फाईल कधीही पुसू नये. दाबलेल्या फाईलीला पुन्हा दाबले की दर्जा आणखी घसरतो. नव्या फाईलला वेगळे नाव द्यावे. त्या नावाची फाईल आधीच असेल तर एफएफएमपेग विचारते, तेथे घाईने ‘वाय’ दाबू नये. तयार फाईल चढवल्यावर दुकानाच्या वायफायवर न पाहता घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, मोबाईल डेटावर उघडून पाहावी.