गुलाब, शाहीन आणि मधला मराठवाडा

‘गुलाब’ हे पाकिस्तानने सुचवलेले नाव धारण केलेले चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२१ रोजी आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले, विरत विरत तेलंगणातून पश्चिमेकडे सरकले आणि मराठवाड्याला झोडपून अरबी समुद्रात उतरल्यावर पुन्हा बळावले. तेथे त्याला कतारने सुचवलेले ‘शाहीन’ हे नाव मिळाले व ३ ऑक्टोबरला ते ओमानवर धडकले.

या प्रवासावर लक्ष ठेवणारी यंत्रणा एका मोठ्या संहारातून उभी राहिली. नोव्हेंबर १९७० मध्ये तत्कालीन पूर्व पाकिस्तानात आलेल्या भोला चक्रीवादळाने लाखो माणसे मारली. त्यानंतर १९७२ मध्ये जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशियाविषयक आयोग यांनी बंगालचा उपसागर व अरबी समुद्र यांच्या परिसरातील देशांचे संयुक्त मंडळ स्थापन केले. आज त्यात तेरा देश आहेत. त्यांच्यापर्यंत वादळाचे इशारे पोहोचवण्याचे आणि त्याला नाव देण्याचे काम भारतीय हवामान विभागाचे दिल्लीतील केंद्र करते. एरवी एकमेकांशी अबोला धरणारी सरकारेही येथे निरीक्षणे वाटून घेतात, हे या मंडळाचे खरे मोठेपण होय.

या कामातील सर्वांत विलक्षण साधन म्हणजे अमेरिकी हवामानतज्ज्ञ व्हर्नन ड्व्होरॅक यांनी १९७० च्या दशकात घडवलेली पद्धत. उत्तर हिंदी महासागरात वादळात शिरून मोजमाप करणारी विमाने नेमाने उडत नाहीत. त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात ढगांचा पट्टा केंद्राभोवती किती गुंडाळला आहे, केंद्र ढगांखाली झाकले आहे की उघडे पडले आहे, केंद्रातील निरभ्र ‘डोळा’ दिसतो काय आणि तो भोवतीच्या ढगमाथ्यांपेक्षा किती उबदार आहे, हे पारखून तज्ज्ञ वादळाला एक ते आठ या मोजपट्टीवर अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने क्रमांक देतो. अडीचचा क्रमांक म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर वारा, आणि नामकरणाची पायरी नेमकी येथेच येते. चित्रावरून वारा वाचण्याची ही विद्या आजही बऱ्याच अंशी अनुभवी नजरेवर उभी आहे.

मात्र ही पद्धत समुद्रासाठी घडवलेली आहे. वादळ जमिनीवर आले की तिचा आधार सुटतो, वारा मंदावतो, पण बाष्प उरते आणि पाऊस थांबत नाही. सप्टेंबरअखेरच्या त्या दिवसांत मांजरा आणि तेरणा दुथडी भरून वाहिल्या, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढावे लागले आणि काढणीला आलेले सोयाबीन शेतातच कुजले. लातूर जिल्ह्यातील निलंग्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. म्हणून किनाऱ्यावरील वादळाची बातमी तेथे परक्या मुलखाची वाटते, आणि धोका नेमका यातच आहे. कोणत्या तालुक्यात किती मिलिमीटर पाऊस पडेल, हे दोन दिवस आधी सांगणे वादळाचा मार्ग वर्तवण्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे, कारण लहान ढगसमूह कोठे उभे राहतील हे गणिती प्रारूपांना अजून नेमके पकडता येत नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठातून शेतकऱ्यांसाठी हवामानाधारित सल्ला निघतो. बंगालच्या उपसागरात वादळ बनताच त्याच्या उरलेल्या पावसाचा अंदाज या सल्ल्यात ठळकपणे, गावपातळीवर वेळेत पोहोचेल अशा रीतीने यावा, आणि तेरा देशांच्या मंडळाने किनाऱ्याइतकेच लक्ष वादळाच्या जमिनीवरील उत्तरार्धाकडे द्यावे.