शिवोलीच्या घरात मुद्रित झालेली कॅसेट

श्रीदेवी लईराईच्या या शिरगावात घुमट-शामेळाच्या नादात वाढलेल्या आम्हां श्रोत्यांना गायक रेमो फर्नांडिस यांची १९८४ सालची ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट इतकी जवळची का वाटते, याचा उलगडा, माझ्या मते, तिच्या निर्मितीच्या हकिकतीतच होतो. शिवोलीतील आपल्या घरी, चार पट्ट्यांच्या कॅसेट-यंत्रावर, रेमोंनी एकेक वाद्य स्वतः वाजवून मुद्रित केले आणि त्या कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतःच पोहोचविल्या.

साध्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंना मिळून जेवढी फीत लागते, तिची संपूर्ण रुंदी हे यंत्र एकाच दिशेने चार अरुंद पट्ट्यांत वापरते. पट्टे पुरेनासे झाले म्हणजे तीनांतील ध्वनी चौथ्यावर उतरवून पुढचे वाद्य चढवावे लागते, आणि अशा प्रत्येक उतरवणीगणिक फितीची सूक्ष्म सळसळ वाढत जाते. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी ‘नेब्रास्का’ (१९८२) हा गीतसंग्रह अशाच यंत्रावर घरी मुद्रित केला होता. त्या सळसळीस दोष मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. गायकाचे सान्निध्य तिच्यामुळेच जाणवते.

मूळ कॅसेट ज्यांच्या संग्रही असेल, त्यांनी आपल्याकडील दमट हवेत तिला बुरशी चढण्यापूर्वी तिची डिजिटल प्रत अवश्य करून ठेवावी.