चार्जर एक कीं अनेक?

(नभोवाणीवरील भाषण)

घरांतील एखादा खण उघडून पाहिला, तर गेल्या वीस वर्षांचे चार्जर त्यांत गुंडाळून ठेवलेले सांपडतात. एक बारीक गोल टोकाचा, एक चपट्या टोकाचा, एक केवळ एकाच कंपनीच्या मोबाईलला चालणारा, आणि एक असा, कीं तो कशाचा हें घरांत कोणालाच आठवत नाहीं. यांपैकीं बरेचसे अजून चालू स्थितींत असतात. ज्या वस्तूसाठीं ते घेतले ती वस्तु गेली आणि दुसऱ्या कोणत्याहि वस्तूस त्यांचें टोक बसत नाहीं, एवढ्याच कारणानें ते निरुपयोगी झाले. मोबाईलच्या बाबतींत ही अडचण शेंदोनशें रुपयांची होती. आतां तोच प्रश्न विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या रूपानें आपल्या दाराशीं येऊन उभा आहे, आणि येथें रक्कम लाखांची आहे. म्हणून मोबाईलच्या चार्जरपासून आपण काय शिकलों, आणि तो धडा मोटारीस कितपत लागू पडतो, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

मोबाईलची हकीकत थोडक्यांत अशी. २००९ च्या सुमारास युरोपांत तीसांच्या आसपास प्रकारचे चार्जर प्रचारांत होते. युरोपीय संघानें प्रथम कायदा केला नाहीं. मोठ्या कारखानदारांना एकत्र बसवून त्यांच्याकडून समान टोकाचें वचन घेतलें. त्यामुळें तीसांचे तीन झाले. परंतु त्यापुढें गाडें सरकेना. २०१२ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या फोनला ‘लायटनिंग’ नांवाचें स्वतःचें टोक बसविलें आणि तें अकरा वर्षें चालविलें. अखेर २०२२ सालीं संघानें कायदाच केला, कीं २८ डिसेंबर २०२४ पासून तेथें विकल्या जाणाऱ्या मोबाईल, टॅब्लेट, कॅमेरा इत्यादि वस्तूंना ‘यूएसबी टाइप-सी’ हेंच टोक असलें पाहिजे. लॅपटॉपसाठीं २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. टाकून दिलेल्या व न वापरलेल्या चार्जरांचा दरसाल सुमारें ११,००० टन कचरा होतो, असा त्या संघाचा अंदाज होता. कायदा अंमलांत येण्यापूर्वींच, सप्टेंबर २०२३ मध्यें, ॲपलनें आपल्या नव्या फोनला टाइप-सी बसविलें.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें ऑगस्ट २०२२ मध्यें कारखानदार व इतर संबंधितांची बैठक बोलाविली. नोव्हेंबरांत मोबाईल, टॅब्लेट आणि लॅपटॉप यांना टाइप-सी असावें यावर सहमति झाली, आणि जानेवारी २०२३ मध्यें भारतीय मानक ब्यूरोनें त्याचें मानक प्रसिद्ध केलें. तथापि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बहुतेक फोन बाजाराच्या ओघानें टाइप-सीकडे वळलेच होते. आणि जी मोठी कंपनी वळत नव्हती तिला वळविलें तें ब्रुसेल्सच्या कायद्यानें. वाशीच्या किंवा नेरुळच्या दुकानांतील ग्राहकास त्याचें फळ आयतें मिळालें.

या प्रश्नावर ग्राहकांमध्यें तीन मतें ऐकूं येतात, आणि तीनहि विचारांत घेण्याजोगीं आहेत. पहिलें मत असें, कीं सरकारनें एक टोक ठरवून द्यावें आणि मोकळें व्हावें. भिंतींतील सॉकेट कोणत्याहि कंपनीचा पंखा किंवा इस्त्री स्वीकारतें. मग बॅटरी भरण्याच्या कामींच प्रत्येकाचें गोत्र निराळें कां? दुसरें मत असें, कीं कायद्यानें टोक ठरलें म्हणजे सुधारणा खुंटते. ॲपलनें युरोपांत हेंच प्रतिपादन केलें होतें. त्यांत स्वार्थ होता हें उघड आहे. पण तेवढ्यानें तें खोटें ठरत नाहीं. २००९ सालीं ज्या टोकावर एकमत झालें तेंच कायद्यानें कायमचें केलें असतें, तर उलटें-सुलटें कसेंहि बसणारें टाइप-सी पुढें आलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे. तिसरें मत अनुभवी लोकांचें. ते म्हणतात, टोक एक झालें तरी काम एक होत नाहीं. टाइप-सीच्या दोन तारा दिसावयास जुळ्या बहिणी. परंतु एक ६० वॅटपर्यंत वीज वाहते, तर दुसरी २४० वॅटपर्यंत. आणि जलद भरण्याच्या युक्त्या कंपनीगणिक निराळ्या. टोक नीट बसलें, तरी फोन लौकर भरेलच असें नाहीं.

या मतांतून निवड करण्यापूर्वीं मुंबईकरांनीं आपल्याच लोकलगाडीकडे एकदां पाहावें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला अशी देशांतील पहिली विजेची आगगाडी हार्बर मार्गानें धांवली. ती १५०० व्होल्ट दाबाच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेनें वाहणाऱ्या प्रवाहावर चालत असे. त्या काळीं ती निवड योग्यच होती. परंतु स्वातंत्र्यानंतर देशांत इतरत्र २५,००० व्होल्टांचा एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारा प्रवाह रूढ झाला, आणि मुंबईचा टापू विजेच्या दृष्टीनें बेट होऊन राहिला. ईशान्येकडून येणाऱ्या गाड्यांना इगतपुरीस इंजिन बदलावें लागे. हा भेद मिटविण्याचें काम हार्बर मार्गावर एप्रिल २०१६ मध्यें पुरें झालें. म्हणजे १९२५ सालच्या एका निवडीचा अंमल एक्याण्णव वर्षें राहिला. चार्जर खणांत टाकून देतां येतो. पण तांब्यांत आणि लोखंडांत एकदां ओतलेलें मानक पिढ्यान् पिढ्या सोबत करतें.

आतां मोटारीकडे वळूं. बॅटरी लहान असो वा मोठी, ती डीसी प्रवाहच सांठवूं शकते. आपल्या घरांत येते ती वीज मात्र एसी. या दोहोंमध्यें दुभाष्याचें काम करणारें जें यंत्र तोच खरा चार्जर. मोबाईलचा दुभाषी भिंतीच्या सॉकेटला लटकलेला असतो. मोटारीचा दुभाषी मोटारीच्या पोटांतच बसविलेला असतो. त्यामुळें घरीं मोटार जोडली, तर सॉकेट जेवढी वीज देईल आणि आंतील यंत्र जेवढी घेऊं शकेल, त्यांपैकीं जें कमी त्या वेगानें ती भरते. १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला सुमारें ३ युनिट वीज मिळते. तेव्हां ३० युनिटांची बॅटरी भरावयास सारी रात्र, म्हणजे नऊदहा तास लागतात. रस्त्यावरील जलद केंद्रांत हेंच काम केंद्रांतील मोठें यंत्र करतें आणि डीसी प्रवाह सरळ बॅटरींत सोडतें. तेथें ५० किलोवॅटच्या यंत्रानें तीच बॅटरी तासाभरांत बरीचशी भरते. यावरून ध्यानांत येईल, कीं मोटारीच्या बाबतींत टोकाचा प्रश्न दुहेरी आहे: घरच्या एसीसाठीं एक आणि वाटेवरील डीसीसाठीं एक.

आपल्या देशानें या प्रश्नाचें उत्तर प्रथम २०१७ सालीं दिलें. त्या वर्षीं एका सरकारी कंपनीनें सरकारी कचेऱ्यांसाठीं १०,००० विजेच्या मोटारींची निविदा काढली, आणि त्याच वर्षीं ‘भारत एसी-००१’ व ‘भारत डीसी-००१’ हे चार्जरांचे दोन नमुने ठरले. डीसीचा चार्जर १५ किलोवॅटचा, आणि १०० व्होल्टांच्या आंतील बॅटरीसाठीं होता. त्या वेळच्या स्वदेशी मोटारी ७२ व्होल्टांच्या असल्यानें त्यांना तो पुरत होता. परंतु जानेवारी २०२० मध्यें टाटांची विजेवरील ‘नेक्सॉन’ आली. तिची बॅटरी ३०० व्होल्टांहून अधिक दाबाची, आणि टोक युरोपांत रूढ असलेलें ‘सीसीएस-२’. लहान मुलाच्या मापानें शिवलेला अंगरखा त्यास दोन वर्षांनीं येईनासा व्हावा, तसें त्या जुन्या डीसी चार्जरांचें झालें. मोबाईलचें मानक उशिरां ठरलें. मोटारीचें फार लौकर ठरलें. दोहींचा भुर्दंड शेवटीं ग्राहकावर किंवा करदात्यावरच पडतो.

‘सीसीएस-२’ ची रचना सुटसुटीत आहे. वरच्या भागांत एसीचें टोक आणि त्याखालीं डीसीच्या दोन जाड पिना. त्यामुळें मोटारीला एकच तोंड पुरतें. ‘नेक्सॉन’ पुण्याजवळ रांजणगांव येथें तयार होऊं लागली. महिंद्रांनीं नोव्हेंबर २०२४ मध्यें पुढें आणलेल्या दोन नव्या विजेच्या मोटारी चाकणच्या कारखान्यांतून निघतात. आणि दोन्ही कंपन्यांनीं हेंच टोक पत्करलें आहे. जपान आणि चीन यांनीं आपापलीं स्वतंत्र टोकें ठेविलीं. अमेरिकेंत तर २०२३ सालीं फोर्डसारख्या कंपनीनें प्रतिस्पर्धी टेस्लाचें टोक स्वीकारण्याचें जाहीर केलें. त्या मानानें आपल्याकडील चारचाकीचा ग्राहक सुदैवी म्हटला पाहिजे.

दुचाकीची गोष्ट निराळी, आणि मध्यमवर्गीय कुटुंब विजेचें वाहन म्हणून बहुधा प्रथम दुचाकीच घेतें. आकुर्डीच्या बजाज कंपनीनें २०२० पासून विजेची ‘चेतक’ विकावयास काढली. ती घरच्या साध्या सॉकेटवर भरते. परंतु रस्त्यांत जलद भरण्याच्या बाबतींत कंपन्यांचीं टोकें एकमेकांशीं जुळत नाहींत. २०२३ सालीं मानक ब्यूरोनें हलक्या वाहनांसाठीं एसी व डीसी एकत्र असलेल्या स्वदेशी टोकास मान्यता दिली. पण तें सर्वांनीं उचललेलें नाहीं. दुचाकी आज तेथेंच उभी आहे, जेथें मोबाईल २००९ सालीं उभा होता. येथें एकीचा आग्रह धरण्याची वेळ हीच.

हा प्रश्न नवी मुंबईंत विशेष निकडीचा आहे. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें वसविलेलें हें शहर मुख्यतः गृहनिर्माण संस्थांचें आहे. मोटार तळमजल्याच्या खांबांमध्यें उभी राहते, घर सहाव्या मजल्यावर, आणि सॉकेट कोणाच्या मीटरवर घ्यावें यावर संस्थेच्या सभेंत तासभर वाद. २०२१ सालीं तुर्भे येथें एकाच जागीं एकवीस चार्जर असलेलें केंद्र उघडलें, तेव्हां तें देशांतील सर्वांत मोठें म्हणून गाजलें. परंतु त्या एकविसांत जलद डीसीचे चार, आणि बाकीचे सतरा सावकाश भरणारे एसीचे होते. कळंबोलीहून द्रुतगती मार्गानें पुण्यास निघालेल्या कुटुंबाला त्या चारांचाच उपयोग. रोजच्या कचेरीच्या फेरीसाठीं मात्र रात्रीचें घरचें सॉकेट पुरेसें आहे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानें जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या किंवा कचेरीच्या चालू वीजजोडणीवरून आपलें वाहन भरण्यास स्पष्ट मुभा दिली आहे. संस्थेच्या सभेंत हें कोणी तरी शांतपणें सांगितलें, तर अर्धा वाद मिटेल. उरलेला अर्धा तारेची जाडी, मंजूर भार आणि अग्निसुरक्षा यांचा आहे, आणि तो जाणत्या वायरमनच्या साह्यानेंच मिटवावा.

मोटार घेऊं इच्छिणाऱ्यानें दुकानांत रंगाआधीं तीन प्रश्न विचारावे. डीसीचें टोक कोणतें? मोटारीच्या आंतील चार्जर किती किलोवॅटचा? आणि बाहेरच्या केंद्रांत वीज घेण्यासाठीं किती निराळीं ॲप आणि किती ठिकाणीं आगाऊ पैसे ठेवावे लागतात? टोक जुळूनहि ॲप न जुळल्यामुळें खोळंबणें, हा टाइप-सीच्या जुळ्या तारांचाच मोठा अवतार आहे.

मग कायदा असावा कीं नसावा? माझें मत असें. नवें यंत्र बाल्यावस्थेंत असतांना त्यास कायद्याच्या मापांत कोंबूं नये. परंतु त्याची वाढ पुरी होऊन तें घरोघर पोंचूं लागलें, कीं कंपन्यांच्या सवडीची वाट पाहूं नये. आणि जें ठरेल तें ठराविक काळानें पुन्हां तपासलें जावें. मानक ब्यूरोच्या पद्धतींत ही सोय आहे: प्रत्येक मानकाचा निदान पांच वर्षांनीं फेरविचार होतो, आणि नव्या मानकाचा मसुदा अभिप्रायासाठीं जाहीर केला जातो. तो अभिप्राय पाठविण्याचा अधिकार कारखानदारांइतकाच आपणांसहि आहे. आपण तो क्वचितच वापरतों.

एकट्या ग्राहकाचा आवाज लहान असतो, हें खरें. परंतु १९७५ सालीं सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतींत शेजाऱ्यांनीं एकत्र येऊन महिन्याचें वाणसामान खरेदी केलें, आणि त्या साध्या एकींतून ग्राहकांची मोठी संघटना उभी राहिली. मोबाईलचें टोक परक्या देशांत ठरलें तेव्हां आपण दूर होतों. मोटारी आणि दुचाकी तर घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या चाकण, रांजणगांव आणि आकुर्डी येथें तयार होत आहेत. त्या कोणत्या टोकानें भराव्या, याविषयीं त्या विकत घेणाऱ्यांनीं वेळेवर बोलावें. सॉकेट भिंतींत आणि खांब रस्त्यांत पक्के बसल्यावर बोलण्यास फार उशीर झालेला असेल.