‘अ हाउस डिव्हायडेड’ (१९१३) : मूकपटातील अबोला

अमेरिकन मूकपटाच्या आरंभकाळात दांपत्यकलह हा विनोदी लघुपटांचा हुकमी विषय होता. संशयी पत्नी, बावरलेला पती व ऐन वेळी येऊन टपकणारी सासू या साच्यावर एका रिळाचे कितीतरी चित्रपट निघाले. सोलॅक्स कंपनीचा ‘अ हाउस डिव्हायडेड’ हा त्यांपैकीच एक. मात्र त्यातील कलहाचे स्वरूप मूकपटाच्या माध्यमाशीच निगडित असल्याने तो स्वतंत्र विचारास पात्र ठरतो.

या चित्रपटाच्या दिग्दर्शिका अ‍ॅलिस गी-ब्लाशे (१८७३–१९६८) मूळच्या फ्रेंच. पॅरिसच्या गोमाँ कंपनीत त्या लेखनिक म्हणून लागल्या आणि तेथेच दिग्दर्शनाकडे वळल्या. अमेरिकेत त्यांनी १९१० मध्ये सोलॅक्सची स्थापना केली व १९१२ मध्ये न्यू जर्सीतील फोर्ट ली येथे स्टुडिओ उभारला. नटांनी स्वाभाविक राहावे, अशा आशयाची पाटी तेथे लावलेली असे.

कथानक अल्प आहे. क्षुल्लक खुणांवरून पती-पत्नी परस्परांवर बेवफाईचा संशय घेतात. वकिलाच्या सल्ल्याने करार होतो : दोघांनी एकाच घरात, परंतु विभक्त राहावे आणि संभाषण केवळ चिठ्ठ्यांद्वारे करावे. मराठी संसारात ज्यास ‘अबोला’ म्हणतात, त्यास येथे कायदेशीर दस्तऐवजाचे रूप मिळते. वस्तुतः मूकपटात कोणाचाच आवाज ऐकू येत नाही. मग पात्रांनी बोलणे सोडले आहे, हे प्रेक्षकास कळावे कसे? दिग्दर्शिकेने चिठ्ठीचा केलेला उपयोग येथे मार्मिक आहे. एरवी पडद्यावरील मजकूर कथेबाहेरून येतो. येथे तो पात्रांच्या हातून लिहिला जातो व समोरच्याकडे सरकवला जातो. माध्यमाची उणीवच विनोदाचे साधन बनते.

या विनोदामागील सामाजिक वास्तव गंभीर होते. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात व्यभिचार हेच घटस्फोटाचे एकमेव ग्राह्य कारण होते आणि ही स्थिती १९६६ च्या कायदेसुधारणेपर्यंत टिकली. शीर्षकातही उपरोध आहे : बायबलमधील हे शब्द लिंकन यांच्या १८५८ च्या भाषणामुळे अमेरिकन प्रेक्षकास परिचित होते. राष्ट्राच्या दुभंगाची भाषा येथे दिवाणखान्यात उतरते.

पडद्यावरील दांपत्याचा समेट होतो. गी-ब्लाशे यांचा हर्बर्ट ब्लाशे यांच्याशी झालेला विवाह मात्र टिकला नाही. सोलॅक्सही बुडाली. १९२२ मध्ये त्या मुलांसह फ्रान्सला परतल्या. त्यानंतर त्यांना एकही चित्रपट दिग्दर्शित करता आला नाही.