जुळी वासरं झाली म्हणजे फायदा डबल? आधी हिशोब करा

सिन्नर, निफाड भागात द्राक्ष-कांद्याच्या जोडीला दोन-चार एचएफ गायी घेऊन दूधधंदा सुरू करणारे बरेच आहेत. अशा गोठ्यात गाय जुळी व्याली की पेढे वाटतात. वाटा, पण आधी एक काम करा. वासरं उलटी करून बघा, नर-मादी कोण आहे.

दोन्ही कालवडी असतील तर खरंच लॉटरी. पण एक गोऱ्हा आणि एक कालवड असेल तर ती कालवड शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त वेळा वांझ निघते. कारण सोपं आहे. पोटात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, गोऱ्ह्याचे हार्मोन कालवडीच्या अंगात जातात आणि तिचं गर्भाशय नीट वाढतच नाही. इंग्रजीत अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. गोऱ्ह्याचं सहसा काही बिघडत नाही.

गंमत म्हणजे ही कालवड बाहेरून एकदम ठणठणीत दिसते. दोन वर्षं चारा-खुराक खाते आणि माजावरच येत नाही! तोवर पैसे गेलेले असतात. म्हणून महिन्याभराची झाली की डॉक्टरांकडून योनीमार्गाची खोली तपासून घ्या, वांझ कालवडीत ती निम्म्याच्या आसपास असते. खात्री हवी असेल तर रक्ताची तपासणी होते. बाजारातून कालवड घेतानाही सरळ विचारायचं, "भाऊ, ही जुळ्यातली का?"

आता खर्च. एका वासराला रोज ४ लिटर दूध, ६० दिवस, म्हणजे २४० लिटर. डेअरीचा भाव समजा ३० रुपये धरला तर ७,२०० रुपये. दोघांचे १४,४००. आणि गोऱ्हा मोठा करून करणार काय? शेतात ट्रॅक्टर आहे, आणि २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी असल्याने त्याला गिऱ्हाईक जवळपास नाहीच.

जुळी वासरं दिवस भरायच्या थोडी आधी येतात आणि वजनाला हलकी असतात. पहिल्या दोन-तीन तासांत वजनाच्या दहावा हिस्सा चीक पोटात गेलाच पाहिजे, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. दांडगं वासरू आधी पिऊन घेतं, तेव्हा दोघांना वेगवेगळं बाटलीने पाजा. इथे हयगय केली नाही तर पुढे वजनाची बरीच कसर भरून निघते.

गाईकडे मात्र लोक बघतच नाहीत. जुळ्यांनंतर वार अडकणं, दुधाचा ताप, पुन्हा गाभण राहायला उशीर, हे जास्त होतं. गाय एक महिना जरी जास्त भाकड राहिली तरी दुसऱ्या वासराचा फायदा तिथेच संपतो. वार बारा तासांत पडली नाही तर हाताने ओढू नका, डॉक्टरांना फोन करा.

आणि कालवडीच हव्या असतील तर जुळ्यांची वाट बघण्यापेक्षा लिंगनिश्चित वीर्यमात्रा भरा, त्यात साधारण नव्वद टक्के कालवडी होतात. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.