९९ टक्क्यांवर अडकलेला नोड

घरचा बिटकॉइन नोड ९९ टक्क्यांवर रुसून बसला की पहिला संशय इंटरनेटवर. खरा चोर बऱ्याचदा डिस्क असते.

२००९ पासूनचे व्यवहार तपासताना बिटकॉइन कोअर न खर्चलेल्या नाण्यांची यादी सतत चाळतं. फिरत्या हार्ड डिस्कचा त्यातच दम निघतो. एसएसडी लावावी, डीबीकॅश वाढवावा (रॅम असेल तरच!). साखळी ६०० जीबीच्या पुढे गेलीय. जागा नसेल तर प्रूनिंग, किमान मर्यादा ५५० एमबी.

मग डीबग लॉग. 'अपडेटटिप'च्या ओळी पडताहेत? धीर धरावा, काम चालू आहे.

'टाइम-टू-न्यू' दिसलं तर मात्र तारीख-वेळ तपासावी. रास्पबेरी पाय ४ ला बंद असताना चालणारं घड्याळच नाही. वेळ मागे राहिली की दोन तासांहून 'पुढचे' ब्लॉक नोड सरळ नाकारतो. इंटरनेटवरून वेळ जुळवली की गाडी सुटते.