घाट उतरतानाची थंडी

वडाळ्याच्या पूर्वेला, पोर्ट ट्रस्टच्या हद्दीत, मालगाड्यांचे जुने रूळ रस्ता तिरके कापून जातात. पावसात सायकल चालवण्याचा पहिला धडा इथली पोरं तिथेच शिकतात. ओल्या लोखंडावर टायर धरत नाही. म्हणून रूळ येताच सायकल काटकोनात घ्यायची, ब्रेक आधीच मारून मोकळं व्हायचं आणि रुळावर चाक असताना हँडल अजिबात वळवायचं नाही. गटाराची झाकणं, पुलावरच्या लोखंडी सांध्याच्या पट्ट्या, झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा रंग, सगळ्यांना हाच नियम. पहिल्या सरीत तर डांबरावर साचलेलं तेल वर येतं आणि सपाट रस्ताही दगा देतो.

एवढं शिकलेला मुलगा मोठा होतो, गिअरची सायकल घेतो आणि एखाद्या रविवारी पहाटे फाइव्ह गार्डनपाशी जमणाऱ्या सायकलस्वारांमध्ये सामील होतो. पूर्व मुक्त मार्ग, अटल सेतू आणि एक्स्प्रेसवे सायकलला बंद. त्यामुळे वाट ठरलेली: चेंबूर, मानखुर्द, वाशीचा खाडीपूल, पनवेल, मग जुना मुंबई-पुणे रस्ता, खोपोली आणि बोरघाट. लोणावळ्यापर्यंत एका बाजूला साधारण ८० ते ८५ किलोमीटर. पावसाळ्यात या वाटेवर निघणाऱ्यांची संख्या दिसण्याइतकी वाढली आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. काळजी एकाच गोष्टीची वाटते. घाट चढायची तयारी सगळे करतात, उतरायची फारसं कोणी करत नाही.

याला आपल्या शर्यतींचा इतिहासही थोडा कारण आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यत ही आपल्याकडची जुनी आणि मानाची शर्यत. बोरघाटाचा टप्पा सर्वांत आधी पार करणाऱ्याला तिथे ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. पण ती होते हिवाळ्याच्या आसपास, कोरड्या रस्त्यावर. पुण्याहून गोव्याला जाणारी डेक्कन क्लिफहँगर ही साडेसहाशे किलोमीटरच्या आतबाहेरची शर्यत २०१४ पासून भरते, तीही पाऊस ओसरल्यावर नोव्हेंबरात. २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या मुदतीत पुरी करणारे नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, किंवा २०१७ मध्ये तीच एकट्याने पुरी करून पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे नऊ हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापणारे नागपूरचे डॉ. अमित समर्थ, ही माणसं जगभरच्या हवेला तोंड देऊन आली. सामान्य सायकलस्वाराला मात्र खराब हवेची शिकवण आपल्या शर्यतींत मिळत नाही. त्याला ती मिळते ‘ब्रेव्हे’त, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात स्वतःच्या बळावर पुरं करण्याच्या फेरीत. ही फेरी पावसाळ्यातही निघते.

आता थंडीचं बोलू. जुलैत मुंबईत पंचवीस-सव्वीस अंशांची हवा असते, तिथे कसली थंडी, असं कोणीही विचारील. पॅडल मारताना शरीर खर्च करतं त्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा चाकाला मिळतो, बाकी सगळी उष्णता होते. खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळाकडे चढणारा माणूस पॅडलवर दीडशे वॉट लावत असेल, तर त्याच्या अंगात साडेचारशे वॉटची शेगडी पेटलेली असते. पाऊस त्याला सुखाचा वाटतो. विंडचीटर काढून तो मागच्या पिशवीत कोंबतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, तिथली हवा मुंबईपेक्षा तीन-चार अंशांनी गार. तिथे चहा होतो, फोटो होतात, अंगावरचे कपडे ओलेच असतात. मग परतीचा उतार लागतो. पाय थांबतात आणि शेगडी विझते. ताशी चाळीसच्या वेगाने वारा ओल्या बनियनवर आदळतो. पाणी हवेच्या पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. दहा मिनिटांत दात वाजू लागतात.

दात वाजणं ही सूचना झाली. त्यानंतरची चिन्हं जास्त महत्त्वाची, कारण ती ज्याची त्याला कळत नाहीत. बोटं ब्रेकच्या दांडीवर नीट मिटत नाहीत. गिअर बदलायला अंगठा पुरत नाही. बोलणं जड होतं, साध्या प्रश्नाला माणूस उशिरा आणि चिडून उत्तर देतो. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की डॉक्टरी भाषेत त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि थकवा पुरतात. सोबतचा माणूस एकाएकी गप्प झाला तर पाऊस संपायची वाट पाहू नये. त्याला आडोशाला न्यावं, कोरडं काही घालायला द्यावं, गोड चहा पाजावा.

५ जून १९८८ रोजी इटलीच्या ‘जिरो’ शर्यतीत हेच सारं उघड्यावर घडलं. गाव्हिया ही २,६०० मीटरहून उंच खिंड त्या दिवशी बर्फाच्या वादळात सापडली. डच सायकलपटू योहान व्हान डर वेल्डे आखूड बाह्यांच्या जर्सीत सर्वांच्या पुढे माथ्यावर पोहोचला. पण उतारावर त्याचं अंग इतकं गारठलं की त्या दिवशी तो पाऊण तासाहून जास्त मागे पडला. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनच्या संघाने सकाळीच दुकानातून बर्फातले गरम कपडे आणवले होते. त्याला टप्प्यात दुसरा क्रमांक मिळाला, पण नेत्याची गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर आली आणि पुढे सबंध शर्यतही त्यानेच जिंकली. मला या हकिकतीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की, त्याने ऊब जपण्याचा विचार उतार लागायच्या आधीच केला होता.

डोंगरातल्या कच्च्या वाटांवरच्या, म्हणजे एमटीबीच्या लांब शर्यतींत थंडीच्या जोडीला चिखल येतो. चिखलाचीही जात असते. सह्याद्रीच्या माथ्यावरची जांभ्याची लाल माती पाणी बऱ्यापैकी निचरू देते, चाक घसरतं पण फिरत राहतं. देशावरची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला चिकटत जाते. शंभर पावलांत फ्रेम आणि चाक यांच्यामधली फट भरते, मग चाक मुळी फिरतच नाही आणि दुप्पट वजनाची सायकल खांद्यावर घ्यावी लागते. कॅनडापासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणाऱ्या, चार हजार किलोमीटरहून लांब ‘टूर डिव्हाइड’मध्ये अशाच चिकणमातीने भल्याभल्यांना तासन्‌तास पायी चालायला लावलं आहे. अशा मातीत पॅडलवर जोर लावला की गिअरचा नाजूक आकडा तुटतो. त्यापेक्षा काडीने चिखल काढून कडेच्या गवतावरून सायकल ढकलणं शहाणपणाचं. मडगार्ड रस्त्यावर चांगला, काळ्या मातीत तोच वैरी होतो. रुंद खाचांचे टायर मातीत हवेतच, पण तेच टायर पनवेलपर्यंतच्या डांबरावर पायांचा दम काढतात. दुकानदार हे सांगतोच असं नाही.

ब्रेकचंही तसंच. रिमवर दाबणारे रबरी ब्रेक ओले झाले की चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या पाणी पुसण्यातच जातात, पकड नंतर येते. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधीपासून हलकेच ब्रेक लावून रिम पुसत राहायची. डिस्क ब्रेक लगेच धरतात, मात्र वाळूमिश्रित चिखल पॅडला कानशीसारखा घासतो. लांबच्या चिखलाच्या शर्यतीत नवे पॅड एका दिवसात धातूपर्यंत झिजू शकतात. जास्तीची जोडी खिशात हवी. चेनचं तेल तर पाऊस तासा-दोन तासांत धुऊन नेतो. छोटी बाटली सोबत असली तर खोपोलीच्या टपरीवर थांबून दोन थेंब सोडता येतात.

खाण्याकडेही दुर्लक्ष होतं. पावसात तहान लागत नाही, गारठलेल्या बोटांनी पुड्या फुटत नाहीत आणि माणूस तीन-तीन तास उपाशी चालवतो. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू घरूनच कागद काढून, तुकडे करून जर्सीच्या खिशात ठेवावेत.

थांबलो तर वेळेत पोहोचणार नाही, ही सगळ्यांची धास्ती असते. ब्रेव्हेचे आकडे मात्र वेगळं सांगतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. ताशी वीसच्या साध्या वेगाने २०० किलोमीटर दहा तासांत होतात, म्हणजे साडेतीन तास हातात राहतात. वाटेतल्या प्रत्येक चौकीची वेळ पाळावी लागते हे खरं, पण घाटमाथ्यावर अर्धा तास आडोसा घेऊन बनियन बदलण्याने कोणाची ब्रेव्हे बुडत नाही. नियम करणाऱ्यांनी थांबायची सोय आकड्यातच ठेवली आहे, ती वापरायची.

सगळं सायकलस्वारावर सोडूनही चालणार नाही. २२ मे २०२१ रोजी चीनमधल्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी धावशर्यतीवर गारांचं वादळ कोसळलं. १७२ स्पर्धकांपैकी २१ जण गारठून दगावले. तिथे विंडचीटर बाळगणं सक्तीचं नव्हतं आणि सर्वांत उघड्या चढावर वाहन पोहोचू शकत नव्हतं. एका मेंढपाळाने गुहेत शेकोटी पेटवून सहा जणांना वाचवलं. आपल्या बोरघाटात गान्सूची उंची नाही, तिथलं वादळही नाही. पण सलग पाऊस आहे, रात्रीचा अंधार आहे, आणि दमलेली माणसं आहेत.

म्हणून पावसाळ्यात लांबची फेरी किंवा शर्यत भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाला माझी विनंती आहे: हेल्मेट आणि दिव्यासारखाच विंडचीटर तपासा, तो नसेल तर सुरुवातीच्या रेषेवरून सोडू नका. घाटमाथ्यावर एक माणूस ठेवा, आणि थरथरणाऱ्याला खाली न सोडण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. वाचकांपैकी कोणी या रविवारी निघणार असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडी बनियन घट्ट बांधून न्या. ती माथ्यावरच घाला, उतार सुरू व्हायच्या आधी.